एल्ब्रिजचे पाच झेंडे

एल्ब्रिज टिबेट्स आणि मी लाकडाच्या गिरणीत तीस वर्षं एकाच करवतीवर काम केलं. तो फळ्यांवर नजर ठेवायचा आणि मी बडबड करायचो. माझं ऐकून त्याचे कान किटले असतील, पण त्याने मला कधी गप्प बस म्हटलं नाही.

हॅकेट तळं गोठलं की आमचा प्रत्येक रविवार बर्फावर जायचा. माणशी पाच भोकं पाडायची. प्रत्येक भोकावर लाकडी सापळा आडवा ठेवायचा आणि खाली गळाला जिवंत बारकी मासळी लावून सोडायची. माशाने दोरी ओढली की सापळ्यावर दाबून ठेवलेला नारिंगी झेंडा ताडकन उभा राहतो. तो ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं, सापळा कुणाचाही असो. चाळीस हिवाळे ती आरोळी बहुतेक वेळा एल्ब्रिजचीच असायची. लोक त्याच्या नजरेवर जळायचे, मीही जळायचो.

दोन वर्षांपूर्वी त्या नजरेच्या मधोमध धुरकट डाग पडला. कडेचं थोडं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टरने सांगितलं, गेलं ते परत यायचं नाही. त्याचं गाडी चालवणं सुटलं, मग पेपर वाचणं सुटलं. बर्फावर मात्र तो येत राहिला, कारण आता त्याचा झेंडा उठला की लोक त्याच्यासाठी ओरडायचे. त्यावर तो मनातून चडफडायचा.

यंदा जानेवारीत एका दयाळू गाढवाने आपण पकडलेला सॅल्मन मासा गुपचूप एल्ब्रिजच्या गळाला लावला आणि वरचा झेंडा उभा केला. सगळे ओरडले. एल्ब्रिजने दोरी ओढली. वर आलेला मासा दोन तास बर्फावर पडून लाकडासारखा कडक झाला होता. एल्ब्रिजने तो शेपटीपर्यंत चाचपला आणि विचारलं, "हा मेला कधी?"

सगळे आपापल्या भोकांकडे वळले. मला सगळ्यांचा संताप आला, सगळ्यात जास्त स्वतःचा. मासा लावताना मी पाहिलं होतं आणि हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो माझ्या दारात उभा राहिला.

"फर्न, मला कुणी ओळखत नाही अशा तळ्यावर ने."

"का? तिथले मासे तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेत?"

"मासे नाही मिळाले तरी चालेल. माझा एक झेंडा माझा मला दिसला पाहिजे. दिसला तर मी येत राहीन. नाही दिसला तर सापळे तुझे. आणि तू ओरडायचं नाहीस, शपथ घे."

"आणि शिंक आली तर?"

"फर्न."

घेतली शपथ. काय करणार?

शनिवारी लाँग मेडो तळ्यावर गेलो. तासाभराचा रस्ता, पण आम्ही दोघंही तिथे कधी गेलो नव्हतो. माझे सापळे मी लावलेच नाहीत, फक्त त्याचे पाच. भोकं एल्ब्रिजनेच पाडली, गाठीही बोटांनी चाचपून त्यानेच बांधल्या. दोन गळ ट्राउट माशांसाठी तळापर्यंत सोडले, तीन सॅल्मनसाठी बर्फाच्या जरा खाली. हात अजून पक्के होते. मला वाटलं, जमेल याला.

मग आम्ही बादल्या पालथ्या घालून बसलो आणि आमची चूक माझ्या लक्षात आली. हॅकेटवर कुठल्या भोकामागे चर्चचा मनोरा आणि कुठल्या भोकामागे बोटींचा धक्का, हे त्याला पाठ होतं. त्या ओळखीच्या चित्रात काही हललं की डोळ्याच्या कडेनेही त्याला कळायचं. इथे नुसता पांढराफटक बर्फ आणि परका काठ. चारचौघांपासून लपायला तो इथे आला आणि उरलीसुरली नजर हॅकेटवरच राहिली.

पहिला झेंडा नऊ वाजता उठला. आमच्यापासून वीस पावलांवर, अगदी समोर. मी माझ्या सासूची गोष्ट सांगत होतो, ती मध्येच तुटली. एल्ब्रिज मान तिरकी करून डावीकडून उजवीकडे बघत गेला आणि झेंड्यावरून नजर तशीच पुढे नेली. पाच मिनिटांनी, लघवीला जातो म्हणून मी उठलो. मासा गळावरची मासळी खाऊन गेला होता. मी नवी लावली, झेंडा खाली दाबला आणि सासूची गोष्ट पुढे चालू केली.

दुसऱ्या झेंड्याचंही तेच झालं.

दुपारी मी शेगडीवर लाल सॉसेज भाजत होतो, तेवढ्यात एल्ब्रिज ताडकन उठला. "झेंडा!" सत्तरी ओलांडलेला माणूस बर्फावरून अक्षरशः धावला. त्याच्या तोंडावर असा आनंद मी गिरणीतल्या तीस वर्षांत पाहिला नव्हता. पण तो चालला होता त्या बाजूला आमचा सापळाच नव्हता. एक बाई आपल्या भोकावर वाकली होती, डोक्यावर शिकारीची नारिंगी टोपी.

"काका, ही माझी टोपी आहे," ती म्हणाली. ती चांगली होती बिचारी, हसली नाही.

"छान आहे," एल्ब्रिज म्हणाला.

आणि त्याच वेळी त्याच्या पाठीमागे त्याचा तिसरा झेंडा उभा होता. शपथ गेली खड्ड्यात, ओरडावं असं वाटलं. नाही ओरडलो. तो परत येऊन बादलीवर बसला आणि हातातलं सॉसेज गार होईपर्यंत त्याने खाल्लं नाही. दोनच्या सुमारास चौथा उठला. तिसऱ्यासारखा तोही मी गुपचूप खाली दाबला.

तीन वाजता आम्ही सापळे काढले. पाचही झेंडे खाली, पाचही गळांवर मासळी जिवंत.

"या तळ्यात मासेच नाहीत," मी म्हणालो. "नाव काढू नकोस पुन्हा इथलं."

सापळे पुसून एल्ब्रिजने पेटीत रचले आणि पेटी माझ्या गाडीत, माझ्या सामानाच्या बाजूला ठेवली.

"इकडे कशाला? तुझं सामान तिकडे आहे."

"फर्न, तू सकाळपासून बोलतोयस. मध्येच चार वेळा थांबलास. चारही वेळा जरा वेळाने उठून गेलास. टोपीच्या वेळी तर मी परत येऊन बसलो तरी तुझ्या तोंडून शब्द नव्हता."

मी तोंड उघडलं. काहीतरी सांगायला हवं होतं, पण काही सुचलं नाही.

"हं," तो म्हणाला. "पाच वेळा."

तो गाडीत बसला आणि मी पेटीवर ताडपत्री बांधली.