बजरंगचा पाट

झरीच्या फाट्यावर बजरंगचं गॅरेज आहे. नाव बजरंग, आणि गडी असा भित्रा की पाल चुकचुकली तरी हातातला पाना खाली ठेवील. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं खुद्द त्याची बायको मनकर्णाच म्हणते. मग गावाचं तोंड कोण धरणार? टर्बोची डिझेल गाडी सुरू करायची म्हटली की हा बाबा घरातला जेवायचा लाकडी पाट घेऊन बॉनेटपुढं उभा. लोक विचारायचे, "काय बजरंग, पंगत बसवायलास का?" तो हसत नसे.

हसेल कसा? पूर्णेला सिताराम उस्तादांच्या हाताखाली शिकताना त्यानं एक इंजिन पिसाळलेलं पाहिलं होतं. डिझेलच्या इंजिनाला हवेबरोबर स्वतःचंच ऑइल प्यायला मिळालं की ते किल्लीला जुमानत नाही. किल्ली काढून खिशात घाला, ते आपलं ऑइल जाळत चढत जातं, पार फुटेपर्यंत. त्याचा श्वास कोंडला तरच थांबतं. त्या दिवशी उस्तादांनी इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर तळहात दाबला. आत हवा ढकलणारं टर्बोचं पातं गरगरत होतं. इंजिन थांबलं, पण उस्तादांची दोन बोटं गेली. तेव्हापासून बजरंगच्या हाती पाट आला. दुधानं पोळलेले लोक ताक फुंकून पितात, हा तर पाणीही फुंकायचा.

त्याची मुलगी सविता परभणीहून आयटीआय करून आली आणि म्हणाली, मी गॅरेजात काम करते. बजरंग कितीतरी दिवस नाहीच म्हणत राहिला. लोक काय म्हणतील, हे कारण त्यानं सांगितलं. खरं कारण ती दोन बोटं होती. पोरीनं हट्टच धरला तेव्हा एवढी मोकळीक मिळाली, की सीटवर बसायचं, किल्ली फिरवायची, पण बॉनेटकडं फिरकायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आश्रुबानाना त्यांची जुनी गाडी घेऊन आले. नाना बागायतदार, पण हात भलता आखडता. गाडी निळा धूर ओकत होती. बजरंगनं बॉनेट उघडलं आणि बघतच राहिला.

"नाना, ही नळी कुठली बसवलीव?"

"ठिबकची. रानात उरली होती. पहिली तडकली, मग मीच घातली. नळी ती नळी."

बजरंगनं ती नळी उपसून हातात घेतली. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ बाहेर काढायची ही नळी. गरम ऑइलनं ठिबकचं प्लास्टिक मऊ पडून चपटं झालं होतं. वाफेला वाट नाही म्हटल्यावर ऑइल टर्बोतून हवेच्या पाइपांत उतरलेलं असणार. त्यानं नवी रबरी नळी घातली, ऑइल अडवणारी डबी डिझेलनं धुतली. आता मोठे पाइप उतरवून साचलेलं ऑइल काढायचं, एवढंच राहिलं होतं.

"आरं, एकदा चालू करून तर बघ," नाना म्हणाले. "खामखा भ्यायलास!"

चहाला थांबलेली माणसं खो खो हसली. बजरंगला त्या हसण्याची लाज वाटली आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं आपल्या भीतीचं ऐकलं नाही. टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढून तो पाट घेऊन उभा राहिला. "लाव, सविते."

इंजिन नीट लागलं. मग कुणी पाय न देता चढायला लागलं.

"बंद कर!"

"केलं बाबा! किल्ली माज्या हातात हाय!"

आवाज एवढा चढला की वरचे पत्रे थरथरले. धुराचा लोट उठला. नाना धोतर सावरत पळाले, हसणारे त्यांच्या पुढं. आणि याच घडीसाठी इतकी वर्षं पाट धरून उभा राहणारा बजरंगही पळाला. पाट कुठं पडला, त्याला कळलंही नाही. रस्त्यापलीकडच्या लिंबाला हात टेकल्यावर त्याला आठवलं, की सविता सीटवर आहे.

तो वळला. समोर नुसता धूर. आता फुटेल, आता फुटेल, एवढंच डोक्यात, आणि पाय जागचे हलेनात. आपली पोर तिकडं आहे आणि आपण इकडं, याची त्याला इंजिनापेक्षाही जास्त भीती वाटली.

इंजिनानं एक आचका दिला आणि ते थांबलं. ती शांतता त्याला सोसवेना. "सविते!" आता कुठं आवाज फुटला.

धूर विरळ झाला. सविता बॉनेटवर वाकून टर्बोच्या तोंडावर दोन्ही हातांनी पाट दाबून उभी होती. बजरंग धावत गेला, तिचे हात ओढून घेतले आणि बोटं मोजली. परत मोजली.

"लय भ्याले बाबा," ती म्हणाली.

"मग पळालीस कामून न्हाई?"

"तुमी रोज हितंच पाट घेऊन उभं राहायचे. मला दुसरं काय ठावंच न्हवतं."



दुसऱ्या दिवशी दोघांनी पाइप उतरवले, ऑइल निथळून काढलं, आतून पुसून घेतलं. पुन्हा गाडी सुरू करायची वेळ आली. नाना आज लिंबाखालीच उभे होते, आणि कुणी हसत नव्हतं. बजरंगनं पाट उचलला, क्षणभर छातीशी धरला आणि सविताच्या हातात दिला. मग स्वतः सीटवर जाऊन बसला.

"सविते," तो आतून म्हणाला, "मी पुन्हा पळालो तर?"

"पळा की बाबा. पाट माज्यापाशी हाय."

बजरंगनं किल्ली फिरवली.