पाय माझे, चेहरा त्याचा

लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे मला ती बाई कळली. टेक्सासमधली, दीडेकशे वर्षांपूर्वीची. स्वतःची गुरं, त्यांच्यावर स्वतःच्या खुणेचा डाग, आणि गुरं माझी ती लग्नानंतरही माझीच, हे नवऱ्याकडून आधीच कबूल करून घेतलेलं. कळप घेऊन ती महिनोन् महिने उत्तरेच्या बाजाराकडे चालत राहिली. दोह्यातल्या अल मुंतझा भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटत होते आणि लेक हे सगळं इंग्रजीतून वाचून दाखवत होती. मध्येच थांबून म्हणाली, "शी इज लाइक यू, आई."

मी हसण्यावारी नेलं. मी दोह्याबाहेरच्या एका डेअरीत गुरांची डॉक्टर. पण त्याच आठवड्यात आम्ही जुन्या गोठ्यातल्या कालवडी नव्या गोठ्यात हलवल्या होत्या. मधला वाळूचा पट्टा पायी पार करायचा, तोही उन्हं चढायच्या आत. कुठली कालवड पुढे घ्यायची, कुठली मागे, गाभण किती हळू न्यायच्या, सगळं मी ठरवलं होतं आणि पुढे मीच चालले होते. एकही जनावर दगावलं नाही. कंपनी खूश झाली. इतकी, की जाहिरातीसाठी हा प्रसंग पुन्हा घडवून चित्रित करायचं ठरलं.

शूटिंगच्या दिवशी मी पोचले तर आमच्या सेल्स मॅनेजरच्या डोक्यावर काउबॉयची टोपी. हा माणूस गोठ्यात कधी आला असेल तर नाकाला रुमाल लावून. जाहिरातवाल्याने माझ्या हातात दुधाचा ग्लास दिला.

"मॅडम, आप यहाँ खडे होके स्माइल कीजिए."

"आणि गुरं कोण नेणार?"

"सर लेके जाएंगे. अमेरिकन रँच का फील चाहिए."

मी त्याला टेक्सासच्या बाईबद्दल सांगितलं. अमेरिकन हवंय ना, तर अमेरिकेत बायकाही कळप न्यायच्या. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वो अलग केस है, मॅडम." मी ग्लास टेबलावर ठेवला आणि बाजूला जाऊन उभी राहिले.

सर "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, असं अरबीत ओरडत हात हलवत निघाले. वर ड्रोन घोंघावत होता. कालवडी बिथरल्या, वळल्या आणि कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढू लागल्या. आमचा सांगलीकडचा गोठेवाला ओरडला, "म्याडम, गाभण खाली आली तर संपलं!"

मग मात्र मला उभं राहवेना. ड्रोन खाली उतरवायला लावला, सगळ्यांना मागे हटवलं आणि हळूहळू बोलत कालवडींमध्ये शिरले. पुढची शांत झाली तशी तिला वळवून चालायला लागले. बाकीच्या मागून आल्या. नव्या गोठ्यात जाऊन त्या पाण्याला लागल्या. कॅमेरा चालूच आहे, याकडे माझं लक्षच नव्हतं.

अल रय्यानमधल्या कंपनीच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावून व्हिडिओ दाखवला. पडद्यावर गमबूट वाळूतून चालत होते, मागे कालवडींची रांग. बूट माझे होते. डाव्या बुटावर मी स्वतः लावलेला ठिगळाचा तुकडा स्पष्ट दिसत होता. कॅमेरा गुडघ्यापर्यंत वर आला, आणि पुढच्या क्षणी टोपीवाले सर क्षितिजाकडे बघत होते. टाळ्या पडल्या.

मी उठून म्हटलं, "ते पाय माझे आहेत."

कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "अरे, टीमवर्क आहे. तू इतकं पर्सनली का घेतेस?"

"कालवडी तुमच्यामागून आल्या असत्या तर नसतं घेतलं. माझं दृश्य काढा, नाहीतर माझा चेहरा दाखवा."

"फायनल झालंय. खलास."

काही काढलं नाही. तो व्हिडिओ आजही मॉलमधल्या पडद्यावर चालतो, आणि ओळखीच्या बायका मला विचारतात, हेच का तुमचे साहेब? त्या टेक्सासवालीच्या कळपाचा भावसुद्धा व्यापारी आधी तिच्या नवऱ्यालाच विचारत असणार, अशी माझी खात्री आहे. तिच्या काळाला निदान जुना काळ तरी म्हणता येतं.

नवऱ्याने समजावलं, नोकरी आहे, सोडून दे. मी नोकरी सोडली नाही आणि तो विषयही नाही. पुढच्या हंगामात जाहिरातवाले परत आले, तेव्हा मी गोठ्याच्या फाटकावर उभी होते. गाभण जनावरांजवळ कोणाला सोडायचं, हे डॉक्टर ठरवते. सरांनी बाहेर गाडीत बसूनच फोन केला. म्हणाले, जरा अॅडजस्ट कर.

"बाहेरून करा शूटिंग," मी म्हटलं. "आत कोणी येणार नाही."

त्यांनी रिकाम्या वाळूवर टोपीवाल्याला उभं करून काहीतरी चित्रित केलं आणि गेले. मी आत येऊन एका व्यायलेल्या कालवडीचा ताप बघितला. राग तेव्हाही गेला नव्हता. आजही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.