दाजींनी हलवलेली काठी

साऱ्या सातारा-सांगलीत आमच्या दाजींएवढा उपद्रवी सज्जन शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, साताऱ्यात घर बांधलं, आणि मग कुणीतरी त्यांच्या हातात कॅमेरा दिला. ज्यानं दिला त्याला मला एकदा भेटायचं आहे. कॅमेरा सगळ्यांकडेच असतो हो, पण लोक समोर दिसेल त्याचा फोटो काढतात. दाजी आधी समोरचं सगळं दुरुस्त करतात. म्हसवडच्या जत्रेत त्यांनी गुलाल उधळणाऱ्यांना "उजव्या अंगानं उधळा, ऊन तिकडनं हाय" असं फर्मावलं होतं. माझ्या लग्नात अंतरपाट इतक्यांदा वर-खाली करायला लावला की मुहूर्त टळून गेला. मिरजेला माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला आले आणि सलाइनचा स्टँड माझ्या तोंडावर येतो म्हणून पलीकडं सरकवला. सुई निघाली, मी बोंबललो, नर्स धावत आली आणि दाजी म्हणाले, "आत्ता कसं! चेहऱ्यावर जरा भाव आलं."

आणि ह्या माणसाला कुणी काही बोलायचं नाही! का, तर जावई. आमच्याकडं एका घराचा जावई हा अख्ख्या गावाचा जावई असतो. मी तोंड उघडलं की आई म्हणायची, "पावण्यास्नी काय बोलू नगंस."

आमचं गाव कृष्णेकाठी, सांगलीच्या अलीकडं. पूर आला की पाण्याच्या कडेला काठी रोवायची ही गावची रीत. काठीच्या पुढं पाणी गेलं की चढतंय, काठी कोरडी राहिली की उतरतंय. धरणातून किती पाणी सोडलं ते मोबाइलवर येतं, पण गावाचा भरवसा काठीवर. त्या पावसाळ्यात पाणी मारुतीच्या पाराजवळ आलं. काठी बुडाली की उंचावरच्या शाळेत जायचं असं ठरवून आमच्या गल्लीनं सामान बांधलं. आईनं म्हशीसुद्धा सोडून ठेवल्या होत्या. दाजी तिला न्यायला साताऱ्याहून जीप घेऊन आले. आले ते खरे, पण पूर बघितला आणि सासू विसरले! "लय भारी सीन हाय गड्या," म्हणत कॅमेरा काढला. शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या वाकळा उतरवल्या. काठाची नाव दोघांना कामाला लावून तिरपी करून घेतली. मी शाळेत पोती पोचवायला गेलो होतो, तेवढ्यात त्यांची नजर काठीवर गेली. ती फोटोच्या बरोब्बर मधे येत होती. दाजींनी ती उपटली आणि बाजूला, चांगली वर चढावर रोवली.

काठीची राखण करणारा गुरव शेजारीच बसला होता. त्यानं सगळं बघितलं. नंतर मी त्याला फैलावर घेतलं तर म्हणतो, "जावयाला कसं आडवायचं वं?"

थोड्या वेळानं लोक बघायला आले, तर काठी कोरडी ठणठणीत, पाणी कुठल्या कुठं खाली. "उतारलं! उतारलं!" म्हणत गल्लीनं गाठोडी सोडली. आईनं म्हशी परत गोठ्यात बांधल्या आणि जावयासाठी चहा टाकला.

दाजी वर जीपमध्ये बसून फोटो न्याहाळत होते. पहिल्या फोटोत दिसणारी पाराची पायरी शेवटच्या फोटोत पाण्याखाली गेली होती. फौजी माणूस, क्षणात उमगलं. मग जीप तिथंच टाकून चिखलातनं धावत सगळ्या गल्लीभर ओरडत सुटले, "काठी म्या हलवलीया! पाणी चढतंय! भाईर पडा!" आमच्या अंगणात तोवर गुडघाभर पाणी होतं. त्यांनी म्हशींची दावी कापली आणि आईपुढं पाठ करून वाकले.

"आवं पावणं, जावयाच्या पाठीवर कशी बसू?"

"मामी, लाजायचं मागनं बघू. बसा!"

पदर तोंडावर ओढून घेतलेल्या आईला त्यांनी भर गावातून शाळेपर्यंत नेलं. माणसं, जनावरं सगळी वाचली. आमचं मातीचं घर मात्र दुसऱ्या दिवशी पाण्यात बसलं. भांडी, दाणागोटा, वडिलांचा एकुलता एक फोटो, सगळं त्याच्याखाली. सामान बांधलेलंच राहिलं असतं तर हे सगळं वाचलं असतं! मी वर्षभर दाजींशी बोललो नाही. का बोलावं?

गेल्या दिवाळीत ते आमच्या नव्या घरी आले. आईच म्हणाली, सगळ्यांचा एक फोटो काढा. आम्ही पायरीवर बसलो. दाजींनी कॅमेरा उचलला, बटण दाबलं, संपलं. कुणाला सरक नाही, मान वर कर नाही. आईच्या चेहऱ्यावर खांबाची सावली पडली होती, ती मलासुद्धा दिसत होती. न राहवून मी म्हटलं, "दाजी, आईला जरा अलीकडं घ्या की."

"नगं," ते खाली बघत म्हणाले. "बसल्यात तितं बऱ्या हायत."

मला त्या माणसाचा भयंकर राग आहे. पण त्या वेळी मी त्यांच्याऐवजी खांबाकडं बघत राहिलो. आई उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पावणं, नीट बघून सांगा. हितं बसू, का आनखी सरकू?"

दाजींनी कॅमेऱ्यामागं तोंड लपवलं. मग हातानं खूण करत म्हणाले, "मामी, वाईच उजवीकडं."