आता तुमच्या मयताला तुमीच चाला

"आधी बसून घ्या," हे आबांचं कुठल्याही बोलण्याचं पहिलं वाक्य. सायखेड्याजवळच्या आमच्या गावचे ते येसकर. गावात कुणी मेलं की नातलगांच्या गावी पायी जाऊन सांगावा द्यायचा, हे काम पिढ्यान्‌पिढ्या महारवाड्याच्या माथी मारलेलं. मरणाची बातमी उभ्या माणसाला सांगू नये, असा आबांचा नेम. तो अंगात इतका मुरला होता की नात झाल्याचंही त्यांनी आम्हाला तसंच सांगितलं, आणि गुळाआधी रडारड सुरू झाली.

वाटेत आबा दिसले की गावोगावच्या बाया दारं ओढून घेत. "म्या यम नाय, यमाचा टपालवाला हाय," असं म्हणून ते स्वतःच हसत. सांगावा द्यायचा तो अंगणाबाहेरून. बदल्यात शिळी भाकरी, तीही हाताला हात लागू नये म्हणून वरून टाकलेली. ज्यांच्या दुःखासाठी हा माणूस ऊन तुडवत यायचा, त्यांनाच त्याचा विटाळ. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

नाशिकला रामाच्या देवळाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा आमच्याबरोबर आबाही निघाले. देवळाची दारं बंद, बाहेर उन्हात आम्ही. गर्दीतून एक दगड आला आणि आबांच्या कपाळाला खोक पडली. रक्त पुसता पुसता ते म्हणाले, माणसं निदान अंगणाबाहेर तरी उभं करतात, इथं तेवढीही सोय नाही. परत आल्यावर मात्र ते हसले नाहीत. चावडीवर जाऊन त्यांनी सांगितलं की यापुढे सांगावा नाही, आणि भाकरीही नको.

गावानं आमचं पीठ-मीठ तोडलं, मजुरी तोडली. नदीवर जायची आमची वाट काट्यांनी बुजवली. पोरं उपाशीपोटी झोपू लागली.

अशात पाटलाची म्हातारी आई वारली. तिची एकुलती लेक विंचूरला दिलेली, आणि लेकीनं तोंड पाहिल्याशिवाय म्हातारीला उचलायचं कसं? पाटलाचा माणूस महारवाड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. आबा विंचूरला जाऊन आले तर उद्यापासून सगळं खुलं होईल, म्हणाला. आम्ही सगळे आबांकडे बघू लागलो. भूक वाईट असते, जावं असं कित्येकांना वाटलं. आणि म्हातारीवर तर आबांचा जीव. भाकरीवर गुळाचा खडा ठेवणारी साऱ्या गावात ती एकटीच. आबांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"म्हातारीसाठी म्या रडंन," ते म्हणाले. "पन घोडं पाटलाच्या दारात हाय, नातू घरात हाय. त्यांनी जावं."

आजीचा सांगावा न्यायचा म्हणजे महारकी करायची. नातू काही घोड्यावर बसला नाही, दुसरंही कुणी गेलं नाही. दुपार टळेपर्यंत वाट पाहिली आणि लेकीविना म्हातारीला अग्नी दिला. लेकीला आईचं तोंड दिसलं नाही, याचं खापर मात्र आबांवर फुटलं. स्मशानातून परतलेली माणसं ओल्या धोतरांनिशी तशीच महारवाड्यात शिरली. आम्ही आडवे गेलो, आम्हालाही मार पडला. आबा पडल्यावरही काठ्या थांबल्या नाहीत. त्यांनी सकाळपर्यंत दम धरला, मग गेले.

आबांच्या बायकोनं जन्मात गावापुढं तोंड उघडलं नव्हतं. ती उठली आणि गावातून सरळ चालत निघाली. आम्ही मागोमाग. ती पाटलाच्या अंगणात शिरली, आमच्यातलं कुणी कधी चढलं नव्हतं त्या ओट्याची पायरी चढली. पाटील दारात आले. तिनं जोहार घातला नाही.

"पाटील, गावाचा येसकर मेला," ती म्हणाली. "आता तुमच्या मयताला तुमीच चाला."