मनगटावरची शेड

मुदत संपलेल्या लिपस्टिक आणि काजळांनी भरलेला ड्रॉवर सकाळी रिकामा केला आणि संध्याकाळी ऑफिसातून दमलेलीच सीवूड्सच्या मॉलमध्ये गेले. यापुढे मुक्या जनावरांना छळून केलेलं काही वापरायचं नाही, असं ठरवलं होतं. मेकअपच्या काउंटरवरची मुलगी दिवसभर उभी असावी. भार सारखा या पायावरून त्या पायावर टाकत होती.

“या कंपनीचं काहीच सशांवर ट्राय करत नाहीत, मॅडम,” म्हणत तिनं स्वतःच्या मनगटावर लिपस्टिकची रेघ ओढली, पुसली, दुसरी ओढली. तिथली कातडी लाल होऊन सोलवटली होती.

“हाताला काय झालं?”

“पुसून पुसून होतं. घरी गेल्यावर खोबरेल लावते.”

“राहू दे, हीच चालेल.”

“असं कसं, मॅडम? नीट बघून घ्या,” म्हणत तिनं दुसऱ्या हाताची बाही वर केली.