दसरूभाऊची माळ्यावरची तार

धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होते, त्या काठावर मोहटोला नावाचे गाव आहे. त्या गावात दसरू राहतो. झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम उभा राहतो, आणि दसरूने आपली सारी तरणी वर्षे त्या हंगामाला दिली. तो कधी राजा झाला नाही, शिपाईही झाला नाही. त्याने तारा टाकल्या. माइकच्या, दिव्यांच्या, पडद्यामागच्या घंटीच्या. रंगमंचावर आई रडू लागली की समोरच्या बाया डोळ्याला पदर लावत. दसरू मात्र विंगेत उकिडवा बसून एवढेच पाही, की तिच्या पायात तार तर येत नाही ना?

"तार दिसली का नाटक मेलं," असे तो म्हणायचा. त्याच्या मंडपात तार कधी दिसली नाही.

पुढे गुडघे बोलू लागले आणि कंपनीबरोबर गावोगाव फिरणे सुटले. तेवढ्यात ग्रामपंचायतीत इंटरनेट आले. ते बसवायला आलेल्या माणसाच्या मागे मागे फिरून दसरूने ती निळी तार ओळखीची करून घेतली. तिच्या पोटातले रंगीत धागे ओळीने लावायचे, टोकाला जॅक बसवायचा, तार मोडायची नाही, वळवायची. गावात कोणाकडे नेट घ्यायचे झाले की आता दसरूभाऊलाच बोलावणे येते.

पण या खेपेला काम त्याच्याच घरचे होते. लेक रंजीता हिला नागपूरच्या एका शिकवणीवाल्या कंपनीत नोकरी लागली होती. घरी बसून, कॉम्प्युटरवर, दूरदूरच्या लेकरांना गणित शिकवायचे. कंपनीने अट घातली होती. सोमवारी परीक्षा म्हणून एक तास शिकवून दाखवायचा. नेट तुटले तर मग नागपूरलाच येऊन राहावे लागेल. रंजीताने बॅग आधीच माळ्यावरून खाली काढून ठेवली होती. दसरू त्या बॅगेकडे पाहत नसे. ती बॅग पुन्हा माळ्यावर गेली पाहिजे, एवढेच त्याच्या मनात होते.

नेटचा डबा समोरच्या खोलीत. रंजीताची खोली मागे, गाईच्या कोठ्याला लागून, कारण घरात शांत जागा तीच. मध्ये मातीच्या हातभर जाड भिंती, ज्या उन्हाळा अडवतात तशा नेटही अडवतात. तेव्हा तार माळ्यावरूनच न्यायची. आणि माळा होता बायकोचा, ठमाबाईचा.

"माह्या माळ्यावर काय करून राह्यले?" शिडी लागताच बायको खालून ओरडली.

"तार टाकून राह्यलो."

"मोहफुलाच्या डालग्या हलवसान तर पाहा! आन बियाण्याले हात नोका लावू."

"अवं, तुले तार दिसनारच नाई. मी आलो होतो का गेलो होतो, थेबी समजनार नाई."

आणि खरेच, त्याने काम असे केले की पाहत राहावे. बांबूच्या पोकळ नळ्या भिंतीच्या कडेकडेने, डालग्यांच्या, त्या मोठ्या टोपल्यांच्या, मागे मांडल्या आणि त्यातून तार ओढली. एका नळीत तार अडली. दसरूने इकडेतिकडे पाहिले. कोनाड्यात मोहाच्या बियांच्या तेलाची शिशी होती, घरोघर फोडणीला असते तेच टोळीचे तेल. त्याने तारेला तेल चोळले. तार सापासारखी सळसळत गेली. मग काय, त्याने अख्ख्या तारेलाच चोळले.

संध्याकाळी रंजीताच्या कॉम्प्युटरवर चित्र झरकन उघडले. दसरू माळ्याखाली उभा राहून मान वर करून पाहत होता. तार कुठेच दिसत नव्हती.

रविवारी सकाळी नेट मेले.

दसरू शिडी चढला. एक नळी उचलली, दुसरी उचलली. तार ठिकठिकाणी कुरतडलेली, आतले रंगीत धागे रांगोळी विस्कटल्यासारखे पडलेले. नळीचे तोंडही कुरतडलेले. त्याने बोट लावून वास घेतला आणि तिथेच बसला.

"उंदरं?" खालून ठमाबाईने विचारले.

"हो."

"माह्या तेलाची शिशी अर्धी कशी झाली, थे मी कालपासून इचार करून राह्यले! तुमी तारेले फोडनी देल्ली वो! उंदरायले पंगत वाढली!"

रंजीता हसली. मग हसणे थांबवून खोलीत गेली, आणि बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. तो आवाज दसरूला माळ्यावर ऐकू आला.

पदर खोचून ठमाबाई स्वतः शिडी चढली. तिने वर बोट दाखवले. आढ्याखाली तिची बियाण्याची दोरी ताणलेली होती. मक्याची कणसे, दोडके, वालाच्या शेंगा लटकत होत्या. दोरीच्या दोन्ही टोकांना वाळलेला तुंबा, म्हणजे पोकळ दुध्या भोपळा, ओवलेला. उंदीर दोरीवरून आला की तुंब्यावर पाय ठेवतो, तुंबा गर्रकन फिरतो आणि उंदीर धपकन खाली. तिच्या सासूनेही असेच बियाणे राखले होते.

"मधोमध? उघड्यावर?" दसरू म्हणाला. "साऱ्यायले दिसन ना वं!"

"मंग झाकून ठेवा तार, आन पोरगीले पाठवा नागपूरले."

दसरू उठला. नाटकाची जुनी नायलॉनची दोरी काढली, ठमाबाईने दिलेले दोन तुंबे तिच्या दोन्ही टोकांना ओवले आणि ती समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत ताणली. साबणाने हात धुऊन नवी, कोरडी तार घेतली आणि दोरीखाली बांधली, वीत वीत अंतरावर, एकसारख्या गाठींनी. तारेची टोकेही तुंब्यांतून ओवली. जॅक शेवटी बसवला. तार जिथे खाली उतरते तिथे दिव्यांच्या स्टँडचे जुने लोखंडी पाइप लावले. काम झाल्यावर तो थोडा दूर झाला. तार सरळ होती, मंडपातल्या दिव्यांच्या माळेसारखी.

सोमवारी रंजीताने तासभर शिकवले. मध्ये गाय हंबरली तेव्हा पलीकडची लेकरे खूश झाली आणि गायीलाही अपूर्णांक शिकवा म्हणाली. नेट तुटले नाही. दुपारी रंजीताने बॅग वर दिली. दसरूने ती माळ्यावर, तारेपासून दूर, कोपऱ्यात ठेवली.

शेजारचे भैयाजी आपल्या घरच्या तारेचे विचारायला आले. वर पाहून म्हणाले, "काऊन गा दसरू, तुही तार त कधी दिसत नाई म्हन्तेत. हे काय लटकवलं?"

"उंदरं नसन तिथी लपवाची, भैयाजी," दसरू ऐटीत म्हणाला. "घरच्या माळ्यावर तार उजागर पायजे."

"आन तुंबे कोनाचे, थेबी सांगा!" चुलीजवळून आवाज आला.

मंडपात माइक तपासताना करी तसा दसरूने गळा मोकळा केला.

"तुंबे बाईचे!"