आमच्या शेडमधली तोड-परीक्षा

शेड झाडली की वेल्डिंगच्या रॉडची थोटकं ओंजळभर निघतात. किस्सेही तसेच, कोपऱ्यात साठून राहतात.

लातूरला औसा रोडवर आमची शेड. तिथं एका शाळेच्या छताच्या लोखंडी कैच्या बनवायचं काम आलं. तपासणीला मुदखेडच्या कांबळे मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पहिली कैची नमुन्याला करा. मग कोडप्रमाणे, म्हणजे वेल्डिंगच्या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे, परीक्षा होईल. पास होईल तोच पुढं वेल्डिंग करेल."

माझा सारा जन्म वेल्डिंगमध्ये गेला. आता नापास झालो, तर हातात नुसता घासायचा ग्राइंडर राहणार होता.

मॅडमनी ड्रॉइंग पसरलं. "काका, वाचता येतं?"

"चौथी. ती बी निम्मी."

"मग बरं. इथं अक्षरं कमी, चित्रं जास्त."

खरंच होतं. प्रत्येक सांध्याला एक बाण, त्याला जोडून एक आडवी रेष. त्रिकोण रेषेच्या खाली असला की बाणाच्या बाजूनं वेल्डिंग, वर असला की पलीकडून. बाणाच्या कोपऱ्यावर गोल असला की सगळीकडून. मला धीर आला.

*

ड्रॉइंगमध्ये एका सांध्यावर झेंडा काढला होता. माझा जोडीदार गौसभाई म्हणाला, "झेंडा हाय म्हणजे मानाचा जॉइंट. आधी हाच घेऊ." आम्ही मन लावून तो जोडला. कैची एवढी लांब झाली की गेटातून वळेना.

मॅडम म्हणाल्या, "झेंडा म्हणजे हा सांधा साइटवर जाऊन जोडायचा."

गौसभाई कटर आणायला निघाला. "मानाचा होता," एवढंच पुटपुटला.

*

सहा एमएमचं वेल्डिंग मी मायेनं दहाचं भरलं. पट्टी तापून वाकली. मॅडमनी मापाचा गेज लावला. "काका, पाहुण्याला वाढताय का? सहा मागितलं की सहाच."

*

रॉड कोरडे राहावेत म्हणून छोटी भट्टी आली. गौसभाईनं तिच्यात भाकरीचा डबा ठेवला. मॅडमनी दार उघडलं तर भपकन वाफ.

"गौसभाई, ही ओल रॉडला लागते. सांध्याला भेगा पडतात."

"ज्वारीची हाय मॅडम. लई कोरडी."

*

मग परीक्षा. एका पट्टीवर दुसरी उभी ठेवून एकाच बाजूनं जोडायची, आणि उभी पट्टी वेल्डिंगच्या बाजूला घणानं पाडायची. आम्ही तिला तोड-परीक्षा म्हणत होतो.

गौसभाईचा तुकडा चौथ्या घावाला तुटला. मॅडमनी आतून नीट पाहिला. वेल्डिंग पार मुळापर्यंत एकजीव झालं होतं. "पास."

मग माझा. घाव बसत राहिले. उभी पट्टी वाकत वाकत खालच्या पट्टीवर निजली, धोतराची घडी घालावी तशी. पण तुटेना. मी हातमोजे काढले. गौसभाई जमिनीकडं बघून राहिला होता.

"मॅडम," मी हळूच म्हणालो, "अजून एक डाव मारू द्या. तुटंल."

"काका, तुटला तरच आतून बघायचं. एवढं वाकून तुटला नाही, म्हणूनच तुम्ही पास."

गौसभाईनं मला मिठी मारली. मॅडम कागदावर सही करायला वळल्या.

तेवढ्यात मी एक घण मारून घेतलाच.